निकाह झाला, लग्न नाही : ब्रिटनमधल्या ‘शरिया कोर्टां’चा गुंता

‘लंडनमध्ये ८५ शरिया कोर्टं चालतात’ हे वाक्य आपल्याकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर दर काही महिन्यांनी उगवतं. आकडा अगदीच हवेतला नाही. २००९ साली सिव्हिटास नावाच्या ब्रिटिश अभ्याससंस्थेने तो मांडला होता, तोही सगळ्या ब्रिटनसाठी. पुढे सरकारने नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला, तेव्हा अंदाज ३० ते ८५ असा सैल निघाला, कारण या मंडळींची कुठे नोंदच होत नाही. कुणी मशिदीच्या मागच्या खोलीत बसतं, कुणाचं स्वतंत्र ऑफिस आहे, तर कुठे एकटे मौलवीच सगळा कारभार बघतात.

आकडा कोणताही धरा, ती कोर्टं नाहीत, ‘शरिया कौन्सिलं’ म्हणजे धर्मजाणकारांची खासगी मंडळं आहेत. त्यांच्या निकालामागे पोलिस नाहीत, बेलिफ नाही, आणि त्यांनी दिलेला घटस्फोटाचा कागद ब्रिटिश कायद्याच्या लेखी कोरा. तरी लोक तिथे जातात. जाणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त बायका असतात आणि त्या जातात घटस्फोट मागायला. ज्या कागदाला कायद्यात किंमत नाही, तो मिळवायला बाई पैसे भरून महिनोन् महिने खेटे का घालते? हे समजून घ्यायला बसलं की शरियापेक्षा इंग्लंडच्या १९४९ सालच्या विवाह कायद्यातच जास्त वेळ जातो.

भारतातलं गणित तिथे लागू नाही

आपण हा विषय भारतातल्या सवयीने वाचतो आणि घोटाळा तिथेच होतो. भारतात मुस्लिम वैयक्तिक कायदा हा सरकारमान्य कायदा आहे. १९३७ च्या शरियत ॲक्टपासून लग्न, तलाक, मेहर (नवऱ्याने बायकोला कबूल केलेली रक्कम), वारसा या बाबतीत मुसलमानांना तो लागू होतो, आणि तो राबवतं आपलं नेहमीचं न्यायालय. काजींनी निकाह लावला, साक्षीदार बसले, दोन्ही बाजूंनी ‘कबूल’ झालं, की भारतीय कायद्याने ते लग्न. म्हणून तर शाहबानोचं प्रकरण १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पोचू शकलं आणि एका दमात दिलेला तिहेरी तलाक २०१७ मध्ये तिथेच रद्द होऊ शकला. अपवाद म्हणजे गोवा, आणि २०२५ पासून समान नागरी संहिता लागू झालेलं उत्तराखंड. पोर्तुगीज नागरी संहितेमुळे गोव्यात मुसलमान जोडप्यालाही सरकारी नोंदणी चुकत नाही.

इंग्लंड आणि वेल्समध्ये वैयक्तिक कायदा असा प्रकारच नाही. लग्न, घटस्फोट, पोटगी, वारसा, सगळ्याला सर्वांसाठी एकच कायदा. आणि तरीही तिथे शरिया कौन्सिलं उभी राहिली. समान नागरी कायदा आला की धार्मिक पंचायती आपोआप मिटतील असं मानणाऱ्यांनी, आणि तो आला की धर्मच बुडेल असं मानणाऱ्यांनीही, इंग्लंडकडे जरा निरखून पाहावं.

लग्न माणसांचं, कायदा इमारतींचा

१७५३ साली इंग्लंडमध्ये चोरून होणाऱ्या लग्नांना आळा घालायला लॉर्ड हार्डविक यांनी कायदा आणला. लग्न लागायचं तर ते चर्च ऑफ इंग्लंडच्या चर्चमध्ये, त्यांच्या रीतीने. सूट फक्त क्वेकर पंथीयांना आणि ज्यूंना. कॅथलिक आणि इतर पंथ बसले हात चोळत. १८३६ मध्ये त्यांना आपापल्या नोंदणीकृत इमारतींत लग्न लावायची मुभा मिळाली आणि सरकारी रजिस्ट्रारही आले. १९४९ चा कायदा म्हणजे याच सगळ्या जुन्या ठिगळांची एक गोधडी.

या गोधडीत मुसलमानांची जागा ‘इतर पंथ’ या तुकड्यात. मशिदीत कायदेशीर लग्न लावायचं तर आधी ती इमारत प्रार्थनास्थळ म्हणून नोंदलेली हवी. मग लग्न लावण्याची जागा म्हणून तिची वेगळी नोंद हवी. लग्नाच्या वेळी अधिकृत व्यक्ती किंवा रजिस्ट्रार हजर हवा. वधूवरांनी निदान २८ दिवस आधी रजिस्टर ऑफिसात जाऊन नोटीस दिलेली हवी. असं सगळं जुळवून आणणाऱ्या मशिदी थोड्या. शिवाय दक्षिण आशियाई लग्नं लागतात कुठे? हॉलमध्ये, नाहीतर घरी. हॉटेलात किंवा जुन्या वाड्यात सरकारी लग्न लावायची सोय १९९० च्या दशकात झाली, पण त्या समारंभात धार्मिक विधी चालत नाही. म्हणजे मुसलमान जोडप्याला बहुतेक वेळा दोन लग्नं करावी लागतात, एक रजिस्टर ऑफिसात आणि एक नात्यागोत्यासमोर. पुष्कळ जण दोन्ही करतात. पुष्कळ जण दुसरं करतात आणि पहिलं राहून जातं. चॅनेल फोर या वाहिनीने २०१७ मध्ये सुमारे ९०० मुस्लिम स्त्रियांची पाहणी केली, तीत निकाह झालेल्यांपैकी ६१ टक्के जणींचं सरकारी लग्न झालेलं नव्हतं.

का राहून जातं? काही ठिकाणी निव्वळ अज्ञान असतं. आईवडिलांचा निकाह पाकिस्तानात किंवा बांगलादेशात झालेला, तिथे तो पुरला, मग इथे का नाही पुरणार? काही तरुण जोडपी निकाह हा आता धर्माने भेटायला-राहायला मोकळीक देणारा टप्पा समजतात, ‘नंतर रजिस्टर करू’ म्हणून. आणि काही नवऱ्यांना पक्कं ठाऊक असतं की नोंदणी केली की उद्या घरात हिस्सा द्यावा लागेल. दुसरी बायको करायची असेल तर तिचा निकाह नोंदवून चालतच नाही, कारण द्विभार्या तिथे गुन्हा आहे.

यातला विरोधाभास एकाच घरात दिसतो. आईचं लग्न पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरला झालं. ते तिथल्या कायद्याने वैध, म्हणून ब्रिटनही ते मान्य करतो. तिला काडीमोड हवा असेल तर ती सरळ इंग्लिश कोर्टात जाते, घराचा हिस्सा मागते, पोटगी मागते. मुलगी बर्मिंगहॅमला जन्मली, तिथेच शिकली, आईपेक्षा चारपट चांगलं इंग्रजी बोलते. तिचा निकाह बर्मिंगहॅमच्या हॉलमध्ये चारशे माणसांसमोर झाला. कायद्याच्या दृष्टीने ती अविवाहित. समरसतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी या मायलेकींकडे बघावं. जी जास्त ‘ब्रिटिश’ झाली, तिच्याच हातात कमी आलं.

साउथॉलच्या रेस्टॉरंटमधला निकाह

हे प्रकरण कोर्टात नीट उलगडलं ते ‘अख्तर विरुद्ध खान’ या खटल्यात. डिसेंबर १९९८ मध्ये पश्चिम लंडनमधल्या साउथॉलच्या एका रेस्टॉरंटमध्ये निकाह झाला. इमाम होते, सुमारे दीडशे पाहुणे होते. वधू स्वतः पुढे सॉलिसिटर. निकाहनंतर सरकारी लग्न करायचं ठरलं होतं, ती मागे लागत राहिली आणि नवरा टाळत राहिला. चार मुलं झाली. काही वर्षं कुटुंब दुबईत राहिलं, तिथे त्यांना नवराबायको म्हणूनच धरलं गेलं. २०१६ मध्ये तिने घटस्फोटाचा अर्ज केला. नवऱ्याचा बचाव असा, की लग्नच झालेलं नाही तर घटस्फोट कसला?

इथे इंग्लिश कायद्याची एक बारीक पायरी कळायला हवी, कारण सगळा निकाल तिच्यावर फिरला. लग्नाचे तीन प्रकार पडतात. एक वैध. दुसरं रद्दबातल, म्हणजे लग्न लावायचा कायदेशीर प्रयत्न झाला पण त्यात मोठी खोट राहिली. अशा लग्नात कोर्ट ते रद्द झाल्याचा हुकूम देतं, आणि त्या हुकमाबरोबर बाईला मालमत्तेचे नि पोटगीचे हक्कही मिळतात. तिसरं, जे लग्न म्हणून कायद्याच्या दारापर्यंत आलंच नाही. त्याला काहीच नाही. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी मुलांचं हित आणि मानवी हक्क लक्षात घेऊन हे लग्न दुसऱ्या प्रकारात घातलं, म्हणजे बाईच्या पदरात काहीतरी पडण्याची वाट मोकळी झाली. नंतर पतिपत्नीने आपसात मिटवलंही. पण निकालाचे परिणाम दूरवर जाणार म्हणून सरकारचे कायदेशीर सल्लागार, ॲटर्नी जनरल, अपिलात गेले, आणि अपील न्यायालयाने निर्णय फिरवला. असा निकाह तिसऱ्या प्रकारातला, लग्न म्हणून शून्य. निकालाची तारीख १४ फेब्रुवारी २०२०. व्हॅलेंटाइन डे कुणाच्या लक्षात आला होता की नाही, देव जाणे.

शून्य म्हणजे काय, तर बाईला स्वतःसाठी पोटगी नाही. घर नवऱ्याच्या नावावर असेल तर त्यात पत्नी म्हणून हिस्सा नाही. मुलांचा खर्च तेवढा मागता येतो.

हे फक्त मुसलमानांचं दुखणं आहे असंही नाही. २००२ च्या ‘गांधी विरुद्ध पटेल’ या खटल्यात लंडनच्या रेस्टॉरंटमध्ये ब्राह्मण पुरोहिताने हिंदू पद्धतीने लावलेलं लग्न होतं. नवरा वारल्यावर बाईने त्याच्या मालमत्तेवर हक्क सांगितला आणि कोर्टाने तेच उत्तर दिलं. तेव्हा लंडन परिसरातल्या स्लाऊ किंवा हॅरोच्या हॉलमध्ये अंतरपाट, मंगलाष्टकं, सप्तपदी सगळं यथासांग झालं, तरी नुसत्या त्याने कायदेशीर लग्न होत नाही. मराठी मंडळी सहसा रजिस्टर ऑफिसचं काम आधी उरकतात, व्हिसाचे कागद मागे लागलेले असतात म्हणूनही असेल. पण कायदा दोघांना एकच आहे.

मग कौन्सिलकडे का?

आता त्या बर्मिंगहॅमच्या मुलीचा नवरा तिला नांदवत नाही, सोडतही नाही. कोर्टात ती अविवाहित, म्हणून तिथे दार नाही. समाजात आणि तिच्या स्वतःच्या श्रद्धेत मात्र ती विवाहित. दुसरं लग्न केलं तर पाप, आणि दुसरा निकाह लावणार तरी कोण?

सुन्नी हनफी परंपरेत, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेशातल्या बहुतेक मुसलमानांत, तलाक देणं नवऱ्याच्या हातात. बायकोला ‘खुला’ मागता येतो, बहुधा मेहर परत करून, पण त्याला नवऱ्याची संमती लागते. तो अडून बसला तर काजीने लग्न मोडून द्यायचं, याला ‘फस्ख’ म्हणतात. प्रश्न असा, की ज्या देशात मुस्लिम काजीच नाही तिथे काय करायचं?

हा प्रश्न पहिल्यांदा लंडनला पडलेला नाही. तो ब्रिटिश हिंदुस्थानात पडला होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अडकलेल्या काही बायका नवऱ्यापासून सुटायला चक्क धर्म सोडू लागल्या, कारण धर्म सोडला की निकाह तुटतो असा हनफी नियम कोर्टं लावत. उलेमांची झोप उडाली. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तोड काढली. सुन्नींच्याच मालिकी पंथाच्या नियमानुसार काजी नसेल तिथे जाणत्या, धर्मशील मुसलमानांची समिती त्याची जागा घेऊ शकते, आणि बाईला सुटकेची जास्त कारणंही मिळतात. त्याच हालचालीतून १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा आला. नवरा चार वर्षं बेपत्ता असेल, दोन वर्षं पोसत नसेल, छळत असेल, तर भारतातली मुस्लिम बाई आजही त्या कायद्याखाली न्यायालयात दाद मागते. भारतात ती समितीची कल्पना कायद्याने बरीचशी आपल्या पोटात घेतली. ब्रिटनमध्ये स्थलांतरितांबरोबर ती समितीच्याच रूपात पोचली. पूर्व लंडनमधल्या लेटनचं इस्लामिक शरिया कौन्सिल १९८२ मध्ये सुरू झालं ते या पोकळीत.

तिथे बाईने अर्ज करायचा, निकाहनामा जोडायचा, फी भरायची. मग कौन्सिल नवऱ्याला पत्र पाठवतं, उत्तर आलं नाही तर महिन्याभराने दुसरं, मग तिसरं. तो आलाच तर दोघांना समोर बसवून समेटाचा प्रयत्न. न जमल्यास प्रकरण मौलानांच्या बैठकीपुढे जातं, मेहर परत करायचा की नाही ते ठरतं, आणि शेवटी विच्छेदाचं प्रमाणपत्र मिळतं. लेटनला पुरुषाच्या अर्जाला २०० पौंड नि बाईच्या अर्जाला ४०० पौंड पडत, हे बाहेर आलं तेव्हा बराच गदारोळ झाला. कौन्सिलचं म्हणणं, पुरुषाचा तलाक नुसता नोंदवायचा असतो, बाईच्या अर्जात नवऱ्याला शोधण्यापासून काम असतं. हिशेब म्हणून ते बरोबर असेलही. पण सगळा असमतोल त्या दरपत्रकातच छापलेला आहे, हे त्यांना दिसलं नाही याचं नवल वाटतं.

सगळी कौन्सिलं एका माळेचे मणी नाहीत. बर्मिंगहॅम सेंट्रल मशिदीच्या मंडळावर डॉ. अमरा बोन या स्त्री सदस्य आल्या, ब्रिटनमध्ये ते पहिल्यांदाच घडलं. सरकारी लग्न झालेलं असेल तर आधी सरकारी घटस्फोट घेऊन या, असं सांगणारी मंडळंही आहेत. पण २०१८ च्या अहवालात वाईट नमुनेही नोंदले गेले. बाईला नको तितके खासगी प्रश्न विचारणं, जबरदस्तीने लग्न लावलेल्या मुलीला पुन्हा घरच्यांसोबत बोलावणं, सुटका हवी तर पैशांवर पाणी सोड असं सुचवणं, आणि प्रकरण लांबवत नेणं. मारझोड करणाऱ्या नवऱ्यासमोर बाईला ‘समेटा’साठी बसवायचं, याचं समर्थन कुठल्याच शास्त्रात बसत नसावं.

शेजारच्या घरातही तेच

ऑर्थोडॉक्स ज्यू स्त्रीची अडचण जवळजवळ अशीच. नवऱ्याने ‘गेट’ हा धार्मिक घटस्फोटाचा कागद दिल्याशिवाय ती पुन्हा लग्न करू शकत नाही. अशा अडकलेल्या बाईला ‘अगुना’ म्हणतात. लंडनमध्ये ज्यूंचं धार्मिक न्यायमंडळ, बेथ दिन, कितीतरी जुनं आहे. तिथे ब्रिटनने एक हुशार वाट काढली. २००२ च्या कायद्यानुसार, गेट दिल्याची खात्री होईपर्यंत न्यायाधीश सरकारी घटस्फोट अडवून धरू शकतात. नवऱ्यालाही सरकारी सुटका हवी असते, तेव्हा तो वठणीवर येतो. कॅनडाने १९९० मध्येच अशी तरतूद केली होती.

ही युक्ती मुसलमान बायकांना का लागू पडत नाही? एक तर कायदा थेट ज्यूंपुरता लिहिलाय; इतर धर्मांना तो लावायची सोय आहे, पण त्यासाठी सरकारने वेगळा आदेश काढावा लागतो. आणि दुसरं, जे मूळ दुखणं आहे, ते असं की अडवून धरायला सरकारी लग्न तर हवं! सिनेगॉगमधलं लग्न नोंदलेलं असतं, कारण १७५३ पासून त्यांची सोय झालेली. हॉलमधला निकाह नोंदलेला नसतो. मग न्यायाधीश अडवणार काय?

आर्चबिशपनी मधमाश्यांचं पोळं छेडलं

७ फेब्रुवारी २००८ रोजी कँटरबरीचे आर्चबिशप रोवन विल्यम्स यांनी लंडनच्या रॉयल कोर्ट्स ऑफ जस्टिसमध्ये व्याख्यान दिलं. त्याच दिवशी बीबीसी रेडिओवर त्यांनी शरियाचे काही भाग ब्रिटनमध्ये स्वीकारणं टाळता येईलसं दिसत नाही, अशा अर्थाचं विधान केलं. संध्याकाळपर्यंत देश पेटला. राजीनाम्याच्या मागण्या आल्या, पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांच्या कार्यालयाने हात झटकले. व्याख्यान स्वतः फार रुक्ष होतं. त्यातला मुद्दा इतकाच, की काही मर्यादित बाबतींत नागरिकाने स्वखुशीने धार्मिक मंचाकडे जावं आणि मूलभूत हक्कांची राखण राज्याने करावी, असं काही जमेल का. हात तोडण्याच्या शिक्षेचा तिथे संबंधही नव्हता. वर्तमानपत्रांत मात्र तोच होता.

त्या गोंधळात लवादाचा विषय मिसळला गेला, तो वेगळा ठेवायला हवा. १९९६ च्या लवाद कायद्याने दोन पक्ष स्वतःच्या मर्जीने कुणालाही लवाद नेमू शकतात आणि कोणते नियम लावायचे तेही ठरवू शकतात. व्यापारी भांडणांसाठी हे जगभर चालतं. २००७ मध्ये सुरू झालेलं मुस्लिम आर्बिट्रेशन ट्रायब्युनल या कायद्याखाली काम करतं, बेथ दिनही करतं. अशा निवाड्याला कोर्टाचं बळ मिळू शकतं. पण लवादाने घटस्फोट देता येत नाही, मुलांच्या ताब्यावर शेवटचा शब्द न्यायालयाचाच, फौजदारीला तर हातच लावायचा नाही.

मेहरचं म्हणाल तर इंग्लिश न्यायालयं त्याकडे करार म्हणून बघतात. १९६० च्या दशकात ‘शहनाज विरुद्ध रिझवान’ खटल्यात भारतात झालेल्या निकाहातला मेहर इंग्लंडच्या कोर्टाने वसूल करून दिला. वारशाचंही तसंच. इंग्लंडमध्ये मृत्युपत्र हवं तसं लिहिता येतं, म्हणून मुलाला दोन आणि मुलीला एक हिस्सा लिहिणारा बापही चालतो आणि सगळं कुत्र्यांच्या निवाऱ्याला देणाराही. २०१४ मध्ये तिथल्या लॉ सोसायटीने, म्हणजे सॉलिसिटरांच्या संघटनेने, शरियानुसार मृत्युपत्र कसं लिहावं याची टिपण वकिलांसाठी काढली, आरडाओरडा झाला आणि काही महिन्यांत मागे घेतली.

बंदी घातली की काय होतं

कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात १९९१ च्या लवाद कायद्याने कौटुंबिक वादातही धार्मिक लवाद चालत. ज्यू ते वापरत होते, कुणाच्या भुवया वर गेल्या नाहीत. २००३ मध्ये सय्यद मुमताज अली या निवृत्त वकिलांनी मुस्लिम लवादाची घोषणा केली आणि भडका उडाला. सगळ्यात ठाम विरोध मुस्लिम स्त्रियांच्या संघटनांचा होता. माजी ॲटर्नी जनरल मॅरियन बॉयड यांनी डिसेंबर २००४ मध्ये अहवाल दिला, की पद्धत चालू ठेवा, पण कडक अटी घाला. प्रांताचे प्रीमियर, म्हणजे मुख्यमंत्री, डाल्टन मॅकगिन्टी यांनी सप्टेंबर २००५ मध्ये उलट निर्णय जाहीर केला : सर्वांना एकच कायदा. २००६ पासून तिथे कौटुंबिक लवाद कॅनडाच्या कायद्यानेच द्यावा लागतो. त्यात रब्बींचे निवाडेही गेले. निवाड्याला कायद्याचं बळ उरलं नाही, हे चांगलंच झालं. पण इमामाकडून धार्मिक सुटका मागायला जाणारी बाई काही थांबली नाही.

अमेरिकेतल्या ओक्लाहोमाने नोव्हेंबर २०१० मध्ये मतदान घेऊन राज्यघटनेतच शरियाबंदी घातली, सुमारे ७० टक्के मतांनी. केंद्रीय न्यायालयात राज्याच्या वकिलांना विचारलं गेलं, तुमच्या कोर्टांनी शरिया लावल्याचं एखादं उदाहरण? एकही देता आलं नाही. २०१३ मध्ये ती दुरुस्ती रद्द झाली. निवडणुकीपुरतं काम झालंच होतं म्हणा.

युरोपात जिथे शरिया खरोखर कायदा होता

ती जागा लंडन नव्हे, पॅरिस नव्हे. ती ग्रीसच्या ईशान्य कोपऱ्यातली पश्चिम थ्रेस. १९२३ च्या लोझान तहाच्या वेळी ग्रीस आणि तुर्कस्तानने लोकसंख्येची अदलाबदल केली, तीतून इस्तंबूलचे ग्रीक आणि थ्रेसचे मुसलमान वगळले गेले. थ्रेसच्या मुसलमानांचे कौटुंबिक नि वारशाचे मामले मुफ्तींकडे राहिले, सरकारमान्यतेने. गंमत अशी की तुर्कस्तानने स्वतः १९२६ मध्ये स्विस धर्तीची नागरी संहिता आणून शरिया निकालात काढली. सीमेपलीकडच्या तुर्कांना मात्र ती ग्रीक सरकारने जपून ठेवली.

कोमोटिनी गावच्या एका मुसलमान गृहस्थाने ग्रीक कायद्यानुसार नोटरीसमोर मृत्युपत्र करून सगळी मालमत्ता बायकोला दिली. २००८ मध्ये तो वारला. त्याच्या दोन बहिणी पुढे आल्या : भाऊ मुसलमान होता, त्याचा वारसा शरियानेच ठरणार. खालच्या न्यायालयांनी बायकोच्या बाजूने कौल दिला, पण ग्रीसच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बहिणींचं म्हणणं मानलं. विधवेची तीन चतुर्थांश मालमत्ता हातची गेली. ‘मोला साली विरुद्ध ग्रीस’ म्हणून हे प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. १९ डिसेंबर २०१८ ला निकाल लागला, एकमताने विधवेच्या बाजूने. अल्पसंख्याक समाजातल्या माणसाला, मला सगळ्या नागरिकांचा साधा कायदा लावा, असं म्हणता आलंच पाहिजे. ते नाकारणं हा भेदभाव. खटला चालू असतानाच, जानेवारी २०१८ मध्ये, ग्रीसने कायदा बदलून मुफ्तींकडे जाणं ऐच्छिक केलं होतं.

थ्रेसच्या विधवेवर शरिया लादली गेली ती राज्याने. बर्मिंगहॅमच्या मुलीवर राज्याने काहीच लादलेलं नाही. त्याने तिच्याकडे पाठ फिरवली आहे. दोन्हींवर ‘शरियाबंदी’ हा एकच उपाय सांगणं फार ढोबळ आहे.

बंद करायची, की नोंद करायची?

ब्रिटनमध्ये यावर मुस्लिम आणि दक्षिण आशियाई स्त्रियांमध्येच दोन तट आहेत. १९७९ पासून काम करणारी साउथॉल ब्लॅक सिस्टर्स ही संघटना आणि २००८ मध्ये मरियम नमाझी यांनी सुरू केलेली ‘वन लॉ फॉर ऑल’ ही मोहीम म्हणते, ही मंडळं बायकांवर अन्याय पक्का करतात, त्यांना थारा नको. मुस्लिम विमेन्स नेटवर्कचं म्हणणं, आज दारं बंद केली तर अडकलेल्या बायका अधिक अंधाऱ्या खोल्यांत जातील. आधी लग्नं नोंदवा, मग कौन्सिलांची गरज आपोआप आटेल. महाराष्ट्राला हा झगडा ओळखीचा वाटेल. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा म्हणून. फरक असा, की दलवाई सरकारकडे मागू शकत होते, कारण तलाकला मान्यता सरकारनेच दिलेली होती. लंडनच्या बाईने सरकारकडे मागणी केली की सरकार म्हणतं, आम्ही तो हक्क कुणाला दिलाच नव्हता.

थेरेसा मे गृहमंत्री असताना २०१६ मध्ये प्रा. मोना सिद्दीकी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिच्या अहवालातली मुख्य शिफारस कौन्सिलांवर नव्हतीच. ती होती विवाह कायद्यावर : निकाहाआधी किंवा निकाहाबरोबरच सरकारी लग्न बंधनकारक करा, आणि ते न बघता निकाह लावणाऱ्याला दंड करा. फ्रान्समध्ये असा नियम कधीपासून आहे. महापौरांच्या कचेरीतलं लग्न आधी, नाहीतर धर्मगुरूवर कारवाई. कौन्सिलांवर देखरेखीसाठी सरकारी यंत्रणा असावी असंही समितीच्या बहुमताने सुचवलं. सरकारने ते तिथल्या तिथे फेटाळलं, कारण देखरेख म्हणजे मान्यता. या भीतीत तथ्य आहे. पण देखरेख नाही, बंदी नाही आणि विवाह कायद्यात बदलही नाही, असं सगळंच टाळलं तर मौलवींच्या खोलीत जे चालतं ते चालूच राहणार.

आणि निकाह सरकारला दिसत नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२३ पासून इंग्लंड-वेल्समध्ये लग्नाचं किमान वय १८ झालं. त्या कायद्याने १८ खालच्या मुलीचा किंवा मुलाचा नुसता धार्मिक निकाह लावणंही गुन्हा ठरवला. शिक्षा द्यायची तर निकाह दिसतो, हक्क द्यायची वेळ आली की दिसत नाही.

कायद्यात सुधारणा सुचवणाऱ्या लॉ कमिशनने जुलै २०२२ मध्ये तोडगा मांडला आहे : इमारतीची नोंद सोडा, लग्न लावणाऱ्या व्यक्तीची नोंद करा. नोटीस आधी दिली, अधिकृत व्यक्ती हजर राहिली, की मग लग्न हॉलमध्ये लागो, बागेत लागो किंवा घराच्या अंगणात. सरकारी आणि धार्मिक असे दोन समारंभ लागणार नाहीत. ज्याला मुद्दाम नोंदणी चुकवायची आहे तो तेव्हाही चुकवेल, पण ‘राहून गेलं’ म्हणणाऱ्यांची संख्या नक्की घटेल. हा लेख लिहीपर्यंत तरी १९४९ चीच गोधडी अंगावर आहे.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे. तिथे १९७७ पासून अशीच पद्धत आहे, मान्यताप्राप्त इमाम कागद हातात असेल तर हॉलमध्येही कायदेशीर निकाह लावू शकतो. आणि २००६ च्या कायद्याने, लग्न न करता एकत्र राहिलेल्या जोडीदारालाही वेगळं होताना पैशांचा काही दावा करता येतो. ग्लासगोची बाई नुसत्या निकाहवर राहिली असली तरी कोर्टात निदान अर्ज करू शकते. सीमेच्या अलीकडे, कार्लाइलमध्ये, तिच्या मावसबहिणीला तसा अर्जच करता येत नाही.